कंडक्टरच्या पोरीचे दंड

आमच्या घरी औषध दवाखान्यातून येत नसे, एसटीनं येई. बाबा कंडक्टर होते. घर अनसिंगला आणि ड्युटी वाशिम-मालेगाव-मेडशी. संध्याकाळी ते दारात आले की आधी तिकिटांच्या पत्र्याच्या पेटीचा खडखडाट ऐकू येई. मग चामडी पिशवी खुंटीवर जाई, आणि मग ते हातातलं पुडकं मायच्या पुढ्यात ठेवून म्हणत, "सुजाताच्या हातासाठी." त्या पुडक्यात काय निघेल त्याचा नेम नसे. कधी लिंबाचा पाला, म्हणजे कडुलिंबाचा, कधी घोसाळ्याची वाळलेली जाळी, कधी कोणाच्या शेतातली काळी माती, कधी बाटलीत भरलेलं जवसाचं तेल. माय ते पुडकं सोडायची, वास घ्यायची आणि विचारायची, "हे आता कोनी देल्लं?" बाबा त्या प्रवाशाचं गाव सांगत, तो कुठं चढला, कुठं उतरला ते सांगत, आणि त्याच्या पुतण्याचं किंवा सुनेचं अंग कसं काचेसारखं झालं ते रंगवून सांगत. चुलीवर भाकर फुगत असायची, तव्यावर मिरच्यांचा ठेचा चरचरत असायचा, आणि धाकट्या भावाला भूक लागलेली असायची. पण ते सगळं सांगून झाल्याशिवाय बाबा पाटावर बसत नसत.

माझ्या हातांना तसं काही झालं नव्हतं. थंडीत अंगावर काटा येतो ना, तसा काटा माझ्या दोन्ही दंडांवर बाराही महिने असायचा, एवढंच. खांद्यापासून कोपरापर्यंत मागच्या बाजूला बारीक बारीक खडे, राळ्याच्या दाण्याएवढे. त्यातले काही लालसर. हात फिरवला की खरखर लागायचं. ते दुखत नव्हते आणि खाजतही नव्हते. थंडी पडली की वाढायचे आणि पावसाळ्यात जरा मवाळ व्हायचे. मायच्या आईलाही ते होते म्हणे. "म्हातारपनी गेले तिचे," माय सांगायची, "कोनी काई केलं नाई त्याले." पण मायचं म्हणणं एका वाक्याचं असायचं आणि बाबांचं म्हणणं वाशिमपासून मेडशीपर्यंत चालायचं, त्यामुळे घरात बाबांचं चालायचं.

सुरुवात माझ्यामुळेच झाली. शाळेत माझ्या बाकावरच्या पोरीनं एकदा माझ्या दंडाला दंड घासला आणि ती दूर सरकली. मग वर्गानं माझं नाव सीताफळ ठेवलं. मी घरी येऊन रडले. मायनं मला गूळ-शेंगदाणे दिले. बाबांनी काहीच दिलं नाही. दुसऱ्या दिवशी गाडीत तिकीट फाडता फाडता त्यांनी पहिल्या प्रवाशाला विचारलं, "तुमच्याकडे अंगावरच्या खड्यायवर काय लावतेत हो?"

आता ज्यांनी त्या काळच्या आमच्याकडच्या एसटीतून प्रवास केला असेल त्यांना सांगायला नको, की असा प्रश्न गाडीत टाकणं म्हणजे कोंबड्यांत ज्वारी टाकणं. पुढच्या सीटपासून मागच्या सीटपर्यंत प्रत्येकाकडे काहीतरी होतं. मेडशीच्या सरुबाई होत्या. त्या दर बाजाराला वाशिमला भाजी घेऊन यायच्या. त्यांचा इलाज लिंबाच्या पाल्याचा. पाला पाण्यात उकळायचा, पाणी हिरवं झालं की त्यानं आंघोळ. त्यांनी नुसतं सांगितलं नाही, पुढच्या बाजाराला पोतं भरून पाला आणून दिला. मालेगावचे एक रिटायर गुरुजी होते. त्यांचा भरवसा आंबट ताकावर. ताक दंडाला चोळायचं आणि उन्हात वाळू द्यायचं. कोणी बेसन-हळदीत साय कालवायला सांगे, कोणी मसुरीची डाळ भिजवून वाटायला सांगे, आणि जवळजवळ सगळे जण शेवटी सांगत की घास. घासल्याशिवाय जात नाही. दगडानं घास, जाळीनं घास, नारळाच्या शेंडीनं घास.

आज या सगळ्याचा विचार करताना मला माझ्यापेक्षा मायची दया येते. घरातलं बेसन माझ्या दंडावर संपायचं. एकदा बाबा झुणक्याची वाट बघत पाटावर बसले तर मायनं ताटात नुसती भाकर आणि जवसाची चटणी वाढली. बाबांनी वर पाहिलं. माय म्हणाली, "झुनका तुमच्या पोरीच्या हातानं खाल्ला. तिले इचारा कसा झाला होता." बाबांनी खरोखरच माझ्याकडे वळून विचारलं, "फरक वाटते काय वं?" ताकाचा इलाज मात्र मला आवडायचा, कारण तो करताना उन्हात बसायला मिळायचं. शेजारच्यांचं वासरू एकदा सुटून आलं आणि त्यानं माझा डावा दंड वरपासून खालपर्यंत चाटून काढला. वासराची जीभ म्हणजे कानस. मी हसून हसून लोळले. संध्याकाळी हे ऐकल्यावर बाबांनी दिव्याजवळ नेऊन माझे दोन्ही दंड नीट तपासले आणि गंभीरपणे म्हणाले, "डाव्यात फरक हाय." ते वासरू दुसऱ्या दिवशीही आणायचं का, यावर त्यांचं आणि मायचं बोलणं बराच वेळ चाललं.

माय एकदाच आडवी आली. कोणीतरी बिब्बा सांगितला होता. बिब्ब्याचं तेल अंगावर उतलं की कसे फोड येतात ते मायनं माहेरी पाहिलं होतं. बाबांनी कागदातून ते काळे बिब्बे काढले तसे मायनं उचलले, परसात नेऊन पुरले आणि हात धुऊन परत भाकरी थापायला बसली. "पाला आना, माती आना, मी काई म्हनत नाई. पन पोरीचं कातडं जाळाले आनसान तर मी गाडीत येऊन बोलीन, साऱ्यायसमोर." बाबा गाडीत रुबाबात असायचे. त्यांनी पुन्हा बिब्ब्याचं नाव काढलं नाही.

पण यात एक घोळ होत होता, आणि तो मला पुष्कळ उशिरा कळला. बाबांना कोणाला नाराज करता येत नसे. पाला देऊन झाला की सरुबाई पुढच्या फेरीला विचारणारच, "कंडक्टर भाऊ, पोरीले फरक पडला काय?" आणि बाबा सांगणार, "लय फरक." गुरुजींनी विचारलं की त्यांनाही तेच. माती देणाऱ्याला तेच. म्हणजे त्या रस्त्यावरच्या निम्म्या लोकांच्या मते मी बरी झाले होते, आणि प्रत्येकाच्या मते त्याच्या औषधानं. इकडे खरी गोष्ट अशी होती की इतकं घासून घासून माझे दंड मिरचीसारखे लाल झाले होते आणि खडे होते तसेच होते, उलट जास्तच उठून दिसत होते. मी उन्हाळ्यातही कोपराच्या खाली येणाऱ्या बाह्यांचे झंपर घालायची. रविवारी विहारात वंदनेला पांढरे कपडे घालून बसायचं, तर तिथंही मी ओढणी दोन्ही दंडांवरून अशी लपेटायची की शेजारची बाई विचारायची, "ताप हाय काय?"

फक्त एका ठिकाणी मी बाह्या विसरायची, आणि ते म्हणजे कबड्डीचं मैदान. मी उंच होते, पायात चपळ होते, दम लांब होता. खेळाच्या सरांनी मला चढाईला ठेवलं होतं. शाळेत आम्ही आपापल्या कपड्यांवर खेळायचो. पण वाशिमला आजूबाजूच्या शाळांचे सामने भरणार ठरलं तेव्हा सरांनी पिवळे टी-शर्ट शिवून आणले, आणि त्यांच्या बाह्या खांद्यापासून चार बोटं खाली येऊन संपत होत्या. मी माझा घरी नेला, अंगात घातला, आरशात पाहिलं आणि मायला सांगितलं की मी जात नाही. माय शेंगा सोलत होती. तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी व्हायची होती त्या दिवशी. ती म्हणाली, "नको जाऊ. पन मंग त्या पोट्ट्या हारतीन, आन् तू घरात बसून आयकशीन." मी ताटावर बसले. दोन वाट्या आमटी प्यायले आणि जायचं ठरवलं.

सामन्याच्या दिवशी सकाळी थंडी होती. दंड नुसते फुलले होते. बाबांनी आदल्या दिवशी करडईचं तेल आणलं होतं. कोणीतरी सांगितलं होतं की तेल जिरवलं की खडे बसतात आणि दिसत नाहीत. बाबा पहाटेच ड्युटीवर गेले होते, पण मायला बजावून. मायनं वाटीभर तेल कोमट केलं आणि माझ्या दोन्ही दंडांना चोळलं, चांगलं कोपरापर्यंत. दंड चकाकायला लागले. खडे खरंच थोडे बसल्यासारखे वाटले. मी आनंदानं पिवळा टी-शर्ट चढवून निघाले. कबड्डीत अंगाला तेल लावायचं नसतं हे मायला माहीत असायचं कारण नव्हतं. मला माहीत होतं, पण मी त्या तेलाकडे तेल म्हणून पाहतच नव्हते. माझ्या लेखी ते औषध होतं.

आमचा सामना कामरगावच्या पोरींशी लागला. मैदानाभोवती दोरी बांधली होती. दोरीपलीकडे बाजाराला आलेली माणसं, टोपल्या, सायकली. मी पहिल्या चढाईला गेले आणि कामरगावच्या दोघींनी माझा उजवा दंड धरला. त्यांच्या हातातून तो असा सुटला की त्या दोघी एकमेकींवर आपटल्या आणि मी मध्यरेषेवर परत. लोक ओरडले. दुसऱ्या चढाईत तिघींनी धरलं, तरी सुटले. मला वाटलं आज अंगात काहीतरी संचारलं आहे. सर दोरीला टेकून उड्या मारत होते. तेवढ्यात मला गर्दीत खाकी कपडे दिसले. बाबांच्या गाडीला वाशिमला तासभर थांबा होता, आणि ते पोरीचा खेळ बघायला आले होते. एकटे नव्हते. सकाळच्या फेरीत त्यांनी गाडीभर सांगितलं असणार, कारण त्यांच्या एका बाजूला डोक्यावर मेथीची टोपली घेतलेल्या सरुबाई होत्या आणि दुसऱ्या बाजूला छत्री घेतलेले गुरुजी.

माझी पुढची चढाई झाली, पुन्हा सुटले, आणि कामरगावची कॅप्टन सरळ पंचांकडे गेली. चंदा तिचं नाव. बांध्यानं ठेंगणी, पण खांबासारखी उभी राहायची. तिनं आपले तळवे पंचांच्या नाकाजवळ नेले आणि म्हणाली, "वास घ्या सर. हे तेल हाय. पोट्टी तेल लावून आली." पंचांनी शिट्टी मारली. मला बोलावलं. माझ्या दंडावर बोट फिरवलं आणि ते बोट तेलानं नाही, दुसऱ्याच गोष्टीनं थबकलं. त्यांनी वाकून पाहिलं. "हे काय आहे? पुरळ आहे का? लागट तर नाही?" आणि ते जरा मागे सरकले. माझ्या बाकावरची ती पोरगी सरकली होती अगदी तसे. फरक एवढाच की इथं सारं मैदान बघत होतं. सर येऊन म्हणाले, नाही हो, तसं काही नाही. पण पंच म्हणाले की तेलाचं पुसता येईल, या पुरळाचं काय करायचं, बाकीच्या पोरींना लागलं तर? हिला बसवा, दुसरी घ्या.

बाबा दोरीखालून आत आले. गळ्यातली पिशवी एका हातानं धरलेली. "साहेब, हे लागट नाई. जन्मापासून हाय. घरात कोनाले लागलं नाई." पंच काही म्हणणार, त्याआधी दोरीवरून सरुबाईंचा आवाज आला. "पन कंडक्टर भाऊ, तुमी तं मले सांगतलं व्हतं का पार गेलं म्हनून." बाबा वळले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. बिनतिकिटाचा प्रवासी सापडल्यावर त्याचा होतो तसा. गुरुजी छत्री टेकत पुढे आले. "मलाही सांगितलं होतं. माझ्या ताकानं गेलं म्हणाले."

"ताकानं?" सरुबाई म्हणाल्या. "माह्या पाल्यानं गेलतं ते. तुमचं ताक लावलं म्हून परत आलं."

"बाई, ताकानं कातडं मऊ होतं. पाल्यानं कोरडं पडतं. तुम्ही पोतंभर पाला दिला, तिथंच बिघडलं."

"म्या पोतं फुकट देल्लं, गुरुजी. तुमी ताकाचा थेंब तरी देल्ला काय?"

लोक आता खेळ सोडून इकडे बघत होते. कोणीतरी मागून ओरडलं की मुलतानी माती लावा. बाबा मध्ये उभे राहून दोघांनाही हात जोडत होते. "तुमचाबी फरक पडला, मावशी. गुरुजी, तुमचाबी पडला." पंच शिट्टी तोंडात धरून उभे होते आणि ती वाजवायचं विसरले होते. मी हाताची घडी घालून दोन्ही दंड पंजांनी झाकले. आता रडू येणार आणि ते सगळ्या वाशिमला दिसणार, एवढंच मला कळत होतं.

तेव्हा चंदा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिनं आपला दंड वळवला, मागची बाजू पंचांना दाखवली आणि म्हणाली, "सर, माहेबी असेच हायत. पाहा. माह्या मावशीलेबी हायत. मी रोज खेळतो या पोट्ट्यायसंग, धरपकड करतो. कोनाले लागले?" मी पाहिलं. खरंच तिच्या दंडावर तेच खडे होते, राळ्याचे दाणे, काही लालसर. चढाईत मी तिचे पाय पाहत होते, डोळे पाहत होते, ती कुठून झेप घेईल ते पाहत होते. दंड पाहायचं मला सुचलंच नव्हतं. पंचांनी एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. चंदा पुढे म्हणाली, "खेळू द्या तिले. पन तेल पुसून. तेल लावून आमाले हारवाचं असंन तं मंग आमीबी लावून येतो."

मला ओलं गोणपाट आणून दिलं. मी दोन्ही दंड पुसले, मग मैदानातली माती घेऊन चोळली. पंचांनी माझे तेलाचे गुण काढून टाकले आणि खेळ पुढे सुरू झाला. सरुबाई आणि गुरुजी दोरीजवळ शेजारी शेजारी उभे राहून आता मला ओरडून शिकवत होते, कुठून जा, कुठून येऊ नको. मी बिनतेलाची खेळले आणि दोनदा पकडले गेले, पण दोनदा सुटून आले. शेवटी आम्ही जिंकलो, थोडक्यात. पंच पुढच्या सामन्याला जाताना मला म्हणाले, "पोरी, चांगली खेळलीस." ते दंडाबद्दल काही बोलले नाहीत, आणि मलाही त्यांच्याकडून आणखी काही ऐकायचं नव्हतं.

नंतर नळावर मी आणि चंदा पाय धूत होतो. मी तिला विचारलं, "तू काय लावतं?"

"औषध काहीच नाई," ती म्हणाली. "पयले मायबी घासत होती. मावशीनं बंद केलं. म्हने घासलं का ते जास्त उठते. आंघोळ कोमट पान्यानं कराची, कढत नाही. अंग वलं हाय तोवरच तेल लावाचं, थोडंसं, आन् सुती झंपर घालाचा. थंडीत वाढते, मंग बसते. जात नाई पुरतं."

"मंग काहून लावतं तेल?"

"आंगाले बरं वाटते म्हून," ती म्हणाली, आणि तिनं माझ्या दंडावरची लाल चट्टे पडलेली जागा बोटानं दाबून पाहिली. "तुये तं लय घासले वं. कोनं घासले एवढे?"

मी मैदानाकडे बोट दाखवलं. तिथं बाबा सरुबाईंची टोपली उतरवून धरत होते.

पुढे कितीतरी वर्षांनी वाशिमला एका त्वचेच्या डॉक्टरणीनं मला याचं इंग्रजी नाव सांगितलं, केराटोसिस पिलॅरिस. म्हणाली, निम्म्या लोकांना थोडंफार असतं, धोका काही नाही, घासू नका, ओल्या अंगावर मऊ करणारं काहीतरी लावा. मी हसले तेव्हा तिला वाटलं मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. आता माझ्या सुनेच्या मोबाईलवर याचे व्हिडिओ येतात. त्यात एक गोरी मुलगी कॉफीच्या चोथ्यानं दंड खसाखसा घासते. मी सुनेला सांगते, हिला कोणीतरी आमच्या बाबांच्या गाडीत बसवा.

सामन्याच्या त्या संध्याकाळी आमचा संघ बाबांच्या गाडीनं परतला नाही, कारण त्यांची गाडी मेडशीला गेली होती. ते घरी आले तेव्हा हातात पुडकं नव्हतं. मायनं त्यांच्या रिकाम्या हाताकडे पाहिलं आणि ताट वाढायला घेतलं. बाबा हातपाय धुऊन बसले आणि मला म्हणाले, "परतीच्या फेरीत सरुबाई बसल्या होत्या. मी त्याईले खरं सांगतलं. फरक पडला नव्हता म्हटलं, मावशी, तुमचा पाला आमी लावला, पन फरक नव्हता." मी विचारलं, त्या काय म्हणाल्या. बाबा म्हणाले, "रागावल्या. मंग म्हने, फरक नाई पडला तं नाई पडला, पोरगी झ्याक खेळते." त्यांनी ताटाकडे पाहिलं. झुणका होता, वर कच्चा कांदा आणि करडईच्या तेलाची धार. "मले तुह्यासाठी कायतरी कराचं होतं, सुजाता," ते म्हणाले. "मले दुसरं काय येत होतं? मी कंडक्टर. लोकायले इचारू शकतो, तेवढं इचारलं." मी त्यांच्या ताटात आणखी एक भाकर टाकली. माय चुलीजवळून म्हणाली, "खा आता. थंड होऊन राह्यलं."

पुढच्या वर्षी पुन्हा कामरगाव समोर आलं. मी तेव्हा आखूड बाह्यांचा टी-शर्ट सकाळपासूनच घालून हिंडत होते. शेवटची चढाई माझी होती. दम भरून मी आत गेले, एकीला शिवले, वळले, मध्यरेषा दोन पावलांवर दिसत होती, आणि चंदानं मागून झेप घेऊन माझा दंड धरला. मी हिसका दिला. दुसरा दिला. तिसरा दिला. ती जमिनीवर फरफटत आली, पण तिनं हात सोडला नाही, आणि आम्ही दोघी मातीत पडलो तेव्हाही तिची बोटं माझ्या दंडावर घट्ट रुतलेली होती. त्या वर्षी आम्ही हरलो.